डाव्या पायाचा अंगठा

दारात कोणीतरी टाकलेलं लिंबू उचलून, धुऊन, त्याचं सरबत करून प्यायलेली बाई आहे मी. नवरा प्यायला नाही, तो ग्लास हातात धरून माझ्याकडे नुसता बघत होता. या सदरातले भुताखेतांचे अनुभव तो मोठ्याने वाचतो आणि मी भाजी निवडता निवडता शेरे मारते... "हिला गॅसेस झाले असतील," "याने आदल्या दिवशी घेतली असेल," वगैरे. तीस वर्षं परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली. स्लाइड स्वतः बघितल्याशिवाय मी कधी रिपोर्टवर सही केली नाही, मोठ्या डॉक्टरांनी घाई केली तरी नाही. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसले आहे म्हटल्यावर आमच्या घरात काय हसाहशी चालली असेल, विचार करा.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट आहे. पण त्याआधी माझ्या दोन आजारांची ओळख करून द्यावी लागेल, त्याशिवाय काही कळायचं नाही.

पहिला आजार, मी घोरते. पुरुष घोरला तर घरात कौतुकाने सांगतात, बाई घोरली की सगळे कुजबुजतात. लॅबच्या अलिबागच्या सहलीत माझ्या खोलीतल्या तिघी पहाटेपर्यंत व्हरांड्यात बसून होत्या आणि सकाळी म्हणाल्या, गप्पांत वेळ कसा गेला कळलं नाही! शेवटी माझ्या मुलीने, ऋचाने, मला धरून तपासणीला नेलं. स्लीप अ‍ॅप्निया निघाला. म्हणजे झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, घोरणं थांबतं आणि माणूस निपचित पडून राहतो. मग ऑक्सिजन उतरला की मेंदू दचकून उठवतो आणि परत घोरणं सुरू. माझं हे तासाला चाळीस-एक वेळा होत होतं. तेव्हापासून रात्री नाकावर मास्क लावून झोपते. सीपॅप म्हणतात त्या मशीनला, ते नाकातून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवतं. माझा नवरा प्रकाश त्याला सोंड म्हणतो.

दुसरा आजार डावा कान. तो लहानपणापासून वाहतो. पडद्याला भोक होतं, त्या कानाने कमीच ऐकू यायचं. गेल्या हिवाळ्यात ताप आला, कानामागे ठणका लागला आणि कानाचे डॉक्टर म्हणाले, आता टाळाटाळ केलीत तर आतलं हाड सडेल. नवीन पडदा बसवायचं ठरलं.

आणि तिथे माझे दोन आजार एकमेकांच्या उरावर बसले.

कानाचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननंतर तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. आणि ते मशीन तर अजिबात नाही. नाकातून दाबाने गेलेली हवा आतल्या नळीने कानात चढते, नवा पडदा उचकटून निघेल."

झोपेचे डॉक्टर म्हणाले, "तीन आठवडे मशीनशिवाय? तुमचे आकडे बघितलेत का? मी परवानगी देणार नाही."

दोघं माझ्यासमोर फोनवर भांडले. तह झाला तो असा... ऑपरेशन पूर्ण भूल न देता, फक्त कान बधिर करून. नंतर आडवं झोपायचंच नाही, आरामखुर्चीत डोकं उंच ठेवून उजव्या कुशीला कलून बसायचं. झोपेची गोळी नाही. बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप, तिच्यात सगळ्याची नोंद राहते आणि ऑक्सिजन फार उतरला तर ती वाजते. आणि मी झोपले असताना शेजारी एक जागा माणूस हवाच. घोरणं थांबलं की मनात पंधरा मोजायचे, श्वास आला नाही तर मनगट दाबून उठवायचं. खांदा हलवायचा नाही, कानाला धक्का बसेल. हाका मारून उपयोग नव्हता, कारण डाव्या कानात पट्टी कोंबलेली आणि उजवा कान उशीत दबलेला. मी ठार बहिरी.

ऋचा घरूनच काम करते, प्रकाश निवृत्त आहे. रात्रभर कोणी एकटं जागणार कसं? म्हणून माझ्या झोपेचे तुकडे केले. रात्री थोडी, पहाटे थोडी आणि सगळ्यात मोठा तुकडा दुपारी एक ते चार, तेव्हा दोघंही ताजेतवाने असतात. ऋचाने तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. प्रकाशने तो वाचला आणि म्हणाला, "पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी! बघ सुलू, लालबागची गिरणी सुरू झाली शेवटी."

तो हसला. मला हसू आलं नाही. उजव्या कुशीवर, डावा कान बंद, श्वासाकडे कोणीतरी लक्ष ठेवून बसलेलं... हे सगळं मी आधी एकदा पाहिलं होतं. फक्त तेव्हा लक्ष ठेवायला मी होते. आणि हे मी प्रकाशला पंचवीस वर्षांच्या संसारात कधी सांगितलेलं नव्हतं.

आम्ही मूळचे मालवणकडचे. आज ज्या टॉवरमध्ये आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो, त्याच जागेवर आमची चाळ होती. दहा बाय बाराची खोली तळमजल्यावर, तिथे आता गाड्या लागतात. बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भाईकाका, एकाच गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. भाईकाकांनी लग्न केलं नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी साच्याच्या पट्ट्यात सापडून अर्धी गेली होती, त्यामुळे ते सगळं अंगठा आणि मधल्या बोटाने धरायचे, पेन्सिलसुद्धा. माझ्या पेन्सिली तेच तासून द्यायचे.

मुंबईत आले तेव्हा ते आधी गाळ्यात राहायचे. गाळा म्हणजे एका खोलीत गावचे दहा-बारा पुरुष, प्रत्येकाची पाळी वेगळी, सगळे ओळीने झोपलेले. तिथली उठवायची एक रीत होती. कामावरून आलेल्याने ज्याची जायची वेळ झाली त्याच्या डाव्या पायाचा अंगठा दाबायचा. एकदाच, पण जोरात. हाक मारायची नाही.

मी विचारलं होतं, हाक का नाही? भाईकाका म्हणाले होते, "धा माणसां निजतत गो. बोंब मारली तर सगळे उठतले."

"आणि काळोखात चुकून दुसऱ्याचाच अंगठा दाबला तर?"

"मग लगेच परत दाबूचो. दोनदा. हळू. म्हणजे तू न्हय, तू नीज."

मला शाळेसाठी ते असंच उठवायचे. आई भांडी आपटून उठवायची, भाईकाका अंगठा दाबून. रविवारी मुद्दाम एकदा दाबायचे, मी धडपडून उठले की दोनदा दाबायचे आणि स्वतःच हसत सुटायचे.

मग संप आला. मोठा, ब्याऐंशीचा. पहिले काही महिने सगळे उद्या मिटेल, परवा मिटेल करत होते. वर्ष उलटलं तेव्हा बाबा गावी निघून गेले होते. आई दुपारची मसाला गल्लीत मिरच्यांची देठं काढायला जायची आणि भाईकाकांनी शिवडीला एका गोदामावर रात्रीच्या पहाऱ्याचं काम धरलं होतं. ते दुपारी घरी झोपायचे. घोरणं तर असं, की शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या. आणि मध्येच ते थांबायचं. एकदम. छाती हलायची नाही. आज मला त्याचं नाव माहीत आहे. तेव्हा आईला एवढंच माहीत होतं, की भाईचा श्वास अडकतो.

माझी शाळा सकाळची. आईने मला बसवलं होतं. "घोरूचो थांबलो की आंगठो दाब," एवढंच तिने सांगितलं होतं. दाराला आतून कडी घालायची, म्हणजे चाळीतली पोरं आत येऊन त्यांची झोपमोड करणार नाहीत, आणि पुस्तक घेऊन त्यांच्या पायाशी बसायचं. मी अकरा वर्षांची होते. कितीतरी दुपारी बसले, कितीतरी वेळा तो अंगठा दाबला. ते अर्धवट डोळे उघडून "हां गो" म्हणायचे आणि परत घोरायला लागायचे.

त्या दुपारी माझा कान ठणकत होता. आईने सकाळी गरम तेल घालून कापसाचा बोळा लावला होता. मी चटईवर जरा कलंडले. दुखरा कान वर, म्हणजे चांगला, उजवा कान खाली. आता कळतं ना? डाव्यात कापूस आणि उजवा चटईवर दाबलेला. घोरणं ऐकायला मी बसले होते आणि ऐकायचं दारच बंद करून आडवी झाले. मध्ये एकदा जाग आल्यासारखं झालं, पण परत डोळा लागला.

उठले तेव्हा खोलीत काहीच आवाज नव्हता. मला वाटलं कान भरला. चांगल्या कानात बोट घालून हलवलं. मग बाहेरच्या नळाखाली कोणाची तरी बादली भरताना ऐकू आली, शेजारचा रेडिओ ऐकू आला. म्हणजे कान ठीक होता.

मी तो अंगठा किती वेळ दाबत होते मला आठवत नाही.

सगळे म्हणाले, हार्ट. सगळे म्हणाले, संपाने खाल्ला माणूस, आणि ते खोटंही नव्हतं. त्या संध्याकाळी आईने मला जिन्याखाली नेलं आणि विचारलं, "तू जागी होतस मा गो?"

मी म्हणाले, "हो. घोरत होते. थांबलेच नाहीत."

आईने माझ्याकडे बघितलं. माझ्या उजव्या गालावर चटईचे वळ होते, ते मला नंतर आरशात दिसले. तिने त्या गालावरून हात फिरवला आणि घरात गेली. तिच्या हाताला मिरचीचं तिखट होतं, माझा गाल रात्रभर जळत राहिला. तिने तो विषय पुन्हा काढला नाही, मरेपर्यंत नाही. मीही नाही. घरात कोणी दुपारी झोपलं, की मी आजही मध्येच जाऊन छाती हलतेय का बघून येते. प्रकाशला वाटतं माझं प्रेम उतू जातं.

हे एवढं ओझं घेऊन मी त्या आरामखुर्चीत झोपायला लागले. मला भीती कसली होती सांगू? पडदा निसटण्याची नाही. मला वाटायचं, आता माझी पाळी आहे आणि माझ्या पायाशी बसलेल्याचाही डोळा लागेल.

चौथ्या दुपारी तसंच झालं.

मी गाढ झोपेत होते. स्वप्न नव्हतं, काळोख होता आणि मी त्यात खाली खाली चालले होते, अगदी शांतपणे. आणि डाव्या पायाचा अंगठा कोणीतरी दाबला. एकदाच. जोरात. मी मोठ्याने हवा ओढून जागी झाले.

समोर प्रकाश खुर्चीत, तोंड उघडं, पेपर पोटावर. तो मस्त झोपला होता. माझ्या बोटाची क्लिप निसटून लोंबत होती, म्हणजे ती वाजणारच नव्हती. मला वाटलं ऋचा येऊन गेली. बरं केलं पोरीने. प्रकाशला मी पायाने ढोसून उठवलं आणि चांगला अर्धा तास फैलावर घेतलं.

संध्याकाळी ऋचाला म्हटलं, "थँक यू हं दुपारी."

"कशाबद्दल?"

"उठवल्याबद्दल. बाबा तर झोपले होते."

"आई, मी दोन ते साडेतीन मीटिंगमध्ये होते. कॅमेरा चालू होता माझा. खुर्चीतून उठलेसुद्धा नाही." मग ती बापाकडे वळली. "बाबा! तुम्ही झोपलात?" आणि त्याला फैलावर घ्यायची दुसरी फेरी सुरू झाली.

मी विषय तिथेच सोडला. मेंदूनेच उठवलं असणार. रक्तात ऑक्सिजन उतरला की शरीर झटका देतं, हे मी दहा जणांना समजावून सांगते. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत ते पुन्हा झालं, पुन्हा पुन्हा झालं. दर वेळी डावाच पाय. दर वेळी अंगठाच. आणि दर वेळी उठवायला बसलेलं माणूस अजून मनातल्या मनात मोजत असायचं, त्याचा हात माझ्या मनगटापर्यंत पोचायच्या आत मी जागी. प्रकाश म्हणायला लागला, "तू सुधारलीस की काय! आम्हाला काही कामच ठेवत नाहीस."

मला एक गोष्ट खटकत होती, ती मी कोणाला सांगितली नाही. आपण कोणाचा अंगठा दाबतो तेव्हा आपला अंगठा आणि पहिलं बोट लागतं. करून बघा. मला दाब लागायचा तो जरा तिरका, बाहेरच्या बाजूला... अंगठा आणि मधलं बोट.

लॅबवाली बाई मी, गप्प कशी बसेन? दोन दिवस जाड मोजे घालून झोपले. फरक पडला नाही. मग पायाखाली उशी घेऊन पाहिलं. शेवटी दोघांना अंगठ्याचं सांगितलं आणि ऋचाचा जुना फोन टेबलावर उभा करून ठेवला, मी पायापर्यंत अख्खी दिसेन असा, आणि दुपारभर रेकॉर्डिंग केलं.

तिघांनी मिळून ते बघितलं. स्वतःला घोरताना बघण्यासारखा अपमान नाही, पण असो. प्रकाश खुर्चीत बसलेला, चांगला जागा. माझं घोरणं थांबतं. छाती थांबते. प्रकाशचे ओठ हलताना दिसतात, तो मोजतोय. आणि अकरा-बारा मोजून होतात तोच माझा डावा पाय एकदम आत ओढला जातो आणि मी जागी होते. पायाजवळ कोणी नाही.

"बघ," प्रकाश म्हणाला. "तूच झटकतेस पाय. उगाच आमच्या डोक्याला ताप."

मला खरंच हायसं वाटलं. मी म्हटलं, झालं, मिटलं.

ऋचा म्हणाली, "थांबा." तिने रेकॉर्डिंग मागे नेलं. माझ्या पायांवर सुती चादर होती. पाय ओढला जायच्या आधी, अगदी आधी, अंगठ्यावरची चादर चिमटीत धरल्यासारखी गोळा होते. आणि मग पाय हलतो. ऋचाने ते तीन वेळा बघितलं. मग फोन उपडा ठेवला आणि चहा टाकायला निघून गेली.

"फॅनचा वारा," प्रकाश म्हणाला. फॅन बंद होता. खिडक्याही बंद होत्या. एप्रिलात मसाला गल्लीतून मिरचीचा खकाणा वर येतो आणि मला शिंकायची बंदी, म्हणून आम्ही घर नुसतं कोंडून घेतलं होतं.

चहा घेताना ऋचाने विचारलं, "आई, तुला आधीपासून अंगठाच का वाटतोय? आम्ही तर मनगट धरतो."

तेव्हा मी सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गाळ्यातली रीत सांगितली, एकदा दाबायचं तेवढंच, पुढचं सांगायच्या आधीच मला रडू फुटलं. कापसाचा बोळा, चटई, आईला बोललेलं खोटं, सगळं सांगितलं. प्रकाशने माझा हात धरून ठेवला होता. ऋचा मात्र भडकली.

"अकरा वर्षांच्या मुलीला बसवलं होतं? एखाद्या माणसाचा जीव राखायला? आजीने असं कसं केलं?"

"मग कोण बसणार होतं?" मीही भडकले. "ती हात पोळवून घेत होती तिकडे! बाबा गावी! आमच्याकडे काय नर्स होती?"

"मी आजीला दोष देत नाहीये आई. पण ते तुझं काम नव्हतं."

मी तिला गप्प राहायला सांगितलं. बोलायला सोपं असतं.

पण त्या दिवसापासून ऋचाने दुपारची बैठक स्वतःकडे घेतली. लॅपटॉप घेऊन माझ्या पायाशी, जमिनीवर बसायची. "आता मीच अंगठा दाबेन," म्हणाली. "म्हणजे तुला कळेल की मी आहे, दुसरं कोणी नाही." आणि खरंच, तिचाच हात असायचा. अंगठा आणि पहिलं बोट, मऊ, नखं वाढवलेली. मी डोळे उघडले की ती समोर असायची. दुसरा तो दाब पुन्हा आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि, खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं.

एकविसावा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी कानाची तपासणी, सगळं ठीक असेल तर मशीन परत सुरू. शेवटची दुपार. मी एकच्या सुमारास झोपले, ऋचा पायाशी.

झोपेत मध्येच मला जरा जाग आली. पूर्ण नाही, पाण्याखालून वर यावं आणि पृष्ठभागाच्या जरा खालीच थांबावं एवढीच. डाव्या पायाचा अंगठा कोणीतरी धरला होता. तिरका. आणि दाबला. हळू. मग परत एकदा. दोनदा.

तू न्हय गो, तू नीज.

मी झोपले. गेल्या कित्येक वर्षांत झोपले नव्हते तशी झोपले. आपोआप जाग आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि ऋचा माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती.

"आई, तुझा श्वास आज एकदाही अडकला नाही. साडेतीन तास. मी सारखी बघत होते."

"तू मध्ये अंगठा दाबलास? दोनदा, हळूच?"

"हातच लावला नाही मी. गरजच पडली नाही." मग तिने विचारलं, "दोनदा का?"

दोनदाचा अर्थ मी तिला सांगितलेलाच नव्हता. त्या दिवशी रडू आलं आणि ते राहूनच गेलं होतं. तिला काय, या घरात कोणालाच ते माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले.

कानाचा पडदा छान धरला. आता डाव्या कानाने इतकं स्वच्छ ऐकू येतं, की घोरणारी मी एकटी नव्हते हे मला समजलं आहे आणि मी ते प्रकाशला रोज सकाळी ऐकवते. झोपेच्या डॉक्टरांनी क्लिपमधली नोंद बघितली. सगळे दिवस खालीवर दातेरी रेघ आणि त्या शेवटच्या दुपारी एक सरळ रेघ, कुठेही न उतरलेली. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, खरं सांगा. या दिवशी चोरून मशीन लावलं होतंत ना?"

मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. कधीमधी एखादी दुपार चांगली जाते, म्हणाले, बसून झोपल्यामुळे असेल. असेल.

आता राहिलेलं एक सांगते आणि थांबते. हे मी प्रकाशलाही अजून सांगितलेलं नाही, तो इथेच वाचेल.

संपाच्या त्या दुपारी, चटईवर, मला मध्ये एकदा जाग आल्यासारखं झालं होतं, असं वर लिहिलं ना? ती कशाने आली होती, ते मला चाळीस वर्षं आठवत नव्हतं. त्या आरामखुर्चीत डोळे उघडले तेव्हा आठवलं. कोणीतरी माझा डावा अंगठा दाबला होता. हळू. दोनदा. आई मिरच्यांवर होती, दाराला आतून कडी होती, खोलीत दोघंच होतो. आणि मी परत झोपले, कारण त्याचा अर्थ मला माहीत होता.

हे खरं आठवलं, की माझ्या मनाने मला सोडवण्यासाठी रचलं? मला सांगता येणार नाही. माणसाचं डोकं सोयीचं तेच आठवतं, हे तीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या मला कोणी वेगळं शिकवायला नको. माझ्यासमोर असा रिपोर्ट आला असता तर मी सही केली नसती. आजही करत नाही.

मशीन परत सुरू झालं. मास्क लावते, आडवी होते, प्रकाश दिवा घालवतो आणि माझ्या पायांवर चादर ओढतो. तो कुशीवर वळला, की मी डावा पाय हळूच चादरीबाहेर काढून ठेवते.